हळदीच्या खोलीतली शाळा

घरच्या घरी शाळा चालवायला काय लागतं? एक खोली, पाच लेकरं आणि माझ्यासारखी बारावी पास बाई. दोन हजार एकच्या पावसाळ्यात हे मी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं.

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, कुरुंद्याच्या शाळेपासून तीन किलोमीटर, मधे ओढा. ओढा भरला की माझी तीन आणि जावेची दोन लेकरं आठ-आठ दिवस घरी. थोरली वैष्णवी चौथीला, अन् पाढे तेरावर अडकलेले. पोरीच्या जातीला एवढं पुरे, असं घरात कुणीतरी म्हणालं आणि मी पेटलेच.

सासऱ्यांना, म्हणजे उत्तमरावांना, आम्ही मामा म्हणतो. ते म्हणाले, मोकळी करण्यासारखी खोली एकच, आणि तिच्यात हळद आहे. चांगला भाव येईपर्यंत एक पोतं हलणार नाही.

"नका हलवू," मी म्हणाले. "लेकरं हळदीवर बसतील."

आणि बसवली. पहिलीला एक पोतं, दुसरीला दोन, चौथीला तीन. वर्गच नव्हे, उंचीही इयत्तेप्रमाणे! भिंतीवर तक्ते डकवले, दाराला घंटा म्हणून नांगराचा जुना फाळ टांगला. माझ्या शाळेसारखी शाळा तालुक्यात नव्हती.

दहा दिवसांत लेकरं पिवळी झाली. पोत्यांतून उडणारी भुकटी, त्यात घाम. मान, हात, तळवे, सगळं पिवळं. रोजच बघत असल्यामुळे आम्हाला काही वाटेना.

त्यातच गावच्या दवाखान्यातल्या सिस्टर विहिरीत पांढरी पावडर टाकायला आल्या. पाच पिवळी लेकरं एका ओळीत बघून दारातच थबकल्या. मी चुलीपाशी होते. त्यांनी वैष्णवीलाच विचारलं, कधीपासून असं?

"शाळा भरल्यापासून," ती म्हणाली.

आणखी कुणाला झालंय?

"त्या खोलीत जो जाईल त्याला व्हतंय."

सिस्टर चहा न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी जीप आली. डॉक्टर, सिस्टर, दोन माणसं, औषधांचं खोकं. काविळीची साथ म्हणे. शेजारच्या आखाड्यांवरच्या लोकांनी आमच्या विहिरीचं पाणी नेणं बंद केलं. सासूबाईंनी लेकरांच्या गळ्यात कसल्याशा मुळ्यांच्या माळा घातल्या. मामांचं एकच म्हणणं, ही शाळा आजच्या आज बंद.

मी फाळ वाजवला आणि डॉक्टरांसमोरच वर्ग भरवला. तपासायचं तर पोत्यावर तपासा, मी म्हणाले.

त्यांनी डोळे बघितले, पांढरे. जिभा बघितल्या, लाल. भूक विचारली तर पाचही जणांनी भाकरी मागितली. डॉक्टर चक्रावले, लिहायला म्हणून एका पोत्यावर टेकले. उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पँटीकडे बघून सिस्टरांनी तोंडाला रुमाल लावला.

डॉक्टरांनी मागे हात फिरवला, तळवा बघितला, वास घेतला. मग मामांना शांतपणे म्हणाले, "ही धूळ लेकरांच्या छातीत जाते. या खोलीत एक तर हळद राहील, नाही तर लेकरं."

"मामा," मी म्हणाले, "लेकरं हलणार न्हाईत."

डॉक्टरांपुढे मामांचं काही चालेना. म्हणाले, संध्याकाळपर्यंत हळद काढतो.

काढलीच. मी खोली तीनदा धुतली, सतरंजी अंथरली. त्या आठवड्यात वैष्णवीनं सोळाचा पाढा न अडता म्हटला. मामा दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. मी बघितलं, पण बघितलं असं दाखवलं नाही.

पंधरा दिवसांनी सिस्टर पुन्हा आल्या. लेकरं स्वच्छ. शाळा छान, म्हणाल्या. मग माझ्या तळव्यांकडे निरखून बघायला लागल्या आणि हळूच पिशवीतून साथीची वही काढली.

आता त्यांना कसं सांगू, की मामांनी ती सगळी पोती उचलून माझ्या झोपायच्या खोलीत रचली होती?