रिकाम्या गाडीलाही फलाट

मुंजाजीरावांच्या टेबलाशी बसलं की चहाच्या आधी टॅब येतो. "नवं लेखन काढून दाखवा," असं म्हणून ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहतात. मागच्या आठवड्यात ताडकळसहून आलेल्या एका कांदेवाल्याची ही परीक्षा झाली. त्याला वाटलं, अनुदानाचं काही असेल. त्याने आधार कार्ड काढलं.

मुंजाजीराव म्हणजे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. परभणीच्या स्टँडवर त्यांनी आयुष्यभर कर्ण्यावरून गाड्या पुकारल्या. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून रोज स्टँडसमोरच्या बब्बूभाईच्या हॉटेलात येऊन बसतात आणि मराठीत लिहिणाऱ्यांचं एक संकेतस्थळ वाचतात. स्वतः लेख लिहीत नाहीत. पण कोणाही नवख्याने काही लिहिलं, की त्याखाली 'प्रवासी' या नावाने पहिला प्रतिसाद त्यांचा: "वाचलं. पुढं चालू द्या."

अलीकडे त्या संकेतस्थळाने मुखपृष्ठ बदललं. 'वाचकांचा अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी' अशी घोषणा झाली. समृद्धी अशी: वर सूर्यास्ताकडे बघणाऱ्या एका बाईचं भलंमोठं छायाचित्र, मग 'लोकप्रिय', मग 'संपादकांची पसंती', म्हणजे तेच लोकप्रिय पुन्हा एकदा, आणि अगदी तळाशी, वापराच्या अटींच्या जरा वर, 'नवे लेखन'. अभिप्रायही मागवले होते. असे अभिप्राय मागवायचे असतात, पाठवायचे नसतात. मुंजाजीरावांनी पाठवला.

"सदर बाई कोण? त्यांचा लेख कोणता? लेख नसल्यास त्यांनी फलाट अडवू नये."

मी त्यांना म्हटलं, "अहो, लोकांना आवडतं तेच वर ठेवणार ना."

"सर, नांदेडची गाडी न पुकारता भरती. झरीची रिकामी हाय म्हणून फलाटाला लावायचीच न्हाई का? लावली न्हाई तर बसणार कोण?"

संकेतस्थळाचं उत्तर आलं: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' मुंजाजीरावांनी टॅब पालथा घातला.

"हे मी खिडकीत बसून लय बोललोय. 'चौकशी करून सांगतो.' याचा अर्थ गाडी येत न्हाई."

तेव्हापासून परीक्षा सुरू झाल्या. नव्या रचनेमुळे वाचकांना किती त्रास होतो, याचा पुरावा ते जमवायलेत, असं सगळं स्टँड समजून होतं.

"चाचा, गिऱ्हाईक पळायलंय," बब्बूभाई कुरकुरायचा.

"पळू दे. वाचून पळू दे."

काल माझी पाळी आली. अंगठा दुखेपर्यंत पडदा सरकवला, तेव्हा कुठे 'नवे लेखन' सापडलं.

"आता काढलंच हाय तर तो दुसरा वाचा," मुंजाजीराव म्हणाले.

लेख कोंबडी अंड्यांवर बसवण्याबद्दल होता. लिहिणारी 'सुमन, पेडगाव'.

"कोंबडीवाला ना?" बब्बूभाईने कप ठेवता ठेवता विचारलं. "आमी सगळ्यांनी वाचलाय, सर. सगळ्यांना तोच देतेत."

मी मुंजाजीरावांकडे पाहिलं. ते बाहेरच्या गाड्यांकडे बघत होते.

"सुमन कोण?"

"थोरली पोरगी. पेडगावला दिलीय." त्यांनी चहा बशीत ओतला. "फोनवर 'बरंय आबा' याच्या पुढं जात न्हाई. तिथं दोन-दोन पानं लिहायली. मी वाचतो ते तिला ठाऊक न्हाई. मागं तिथंच एकाला म्हणली, कोणी वाचत नसंल तर बंद करीन."

"तुम्ही वाचता की."

"बापानं वाचलेलं धरत न्हाईत, सर."

मी पुन्हा लेखाकडे वळलो. घरी पाहुणे आले, तेव्हा सासूबाई अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, हिला उठवू नका, ती कामात आहे. खाली सुमनने लिहिलं होतं: 'या घरात असं आजवर कोणी कोणाबद्दल सांगितलं नव्हतं.'

मी मोठ्याने हसलो.

मुंजाजीराव झटकन वळले. "कुठं हसलात?"

मी ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती ओठ हलवत वाचली, मग पुन्हा वाचली. त्या ओळीला कोणी हसू शकतं, हे बहुधा त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग त्यांनी टॅब माझ्याकडे सरकवला.

"खाली लिहा तसं. हसू आलं म्हणून लिहा," ते म्हणाले. "माझं नाव न्हाई घ्यायचं."