सेक्रेटरीबाई चित्राला बसतात

रागावलेल्या माणसाला गप्प कसं करायचं, हे मला विचारा. त्याला समोर बसवून त्याचं चित्र काढायला घ्यायचं. चित्राला बसलेल्या माणसाला हलता येत नाही, आणि न हलता आजवर कुणाला भांडता आलंय?

आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये मी रविवारी सकाळी मुलांना कोळशाने माणसं काढायला शिकवतो. कोळसा सगळीकडे उडतो, हे खरं. खुर्च्यांवर, पडद्यांवर, एकदा तर पंख्याच्या पात्यावर; तो तिथे कसा पोचला, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही. शेवटी सेक्रेटरीबाईंचा निरोप आला, "रविवारी येऊन बघते. मग वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते ठरवते." दुसरी जागा आम्हाला नव्हती. मुलांची तोंडं एवढीएवढीशी झाली.

"घाबरू नका," मी म्हणालो. "आपण बाईंचंच चित्र काढू."

बाई आल्या त्या पांढरेशुभ्र कपडे घालून. बहुधा डाग पडलाच तर पुरावा म्हणून. पण चित्राचं नाव काढताच केसांवरून हात फिरवून खुर्चीत बसल्या. मुलांनी एक डोळा मिटला, हात लांब केले आणि कोळशाच्या कांड्या बाईंवर रोखल्या.

"काका, ही मुलं माझ्यावर नेम का धरतायत?"

"नेम नाही, माप. कांडीवर अंगठा सरकवून नाक केवढं, कपाळ केवढं ते मोजतात."

"आजोबा," चिंगीने विचारलं, "काकूंना हनुवट्या दोन आहेत. माप कुठल्या हनुवटीपासून घेऊ?"

सगळ्यांच्या कांड्या हवेतच थांबल्या.

"वरच्या," मी हळूच म्हणालो. "आणि मोजताना बोलायचं नाही."

बाईंनी रागाने मान फिरवली. झालं, चेहऱ्यावरचा उजेडच गेला. मी पुढे झालो आणि मुलांना वळवतो त्याच सवयीने त्यांची हनुवटी धरून अलगद वळवली. "हं, आता अशाच राहा."

मग मी कागद बघत फिरू लागलो. मागे बाईंनी हनुवटी खाजवली, त्याच बोटाने ओठावरचा घाम टिपला, पण ते बघायला मी होतो कुठे? शिक्षकाचं लक्ष कागदावर.

"आजोबा, मघाशी नव्हतं आणि आता आलंय, तेही काढायचं?" ढब्बूने विचारलं.

मला वाटलं, हा उन्हाबद्दल बोलतोय. "जे दिसतं ते सगळं काढायचं. मनाचं काही नाही."

मुलं हौसेने कामाला लागली. एवढी शांतता माझ्या वर्गात कधी नव्हती. मी मनात म्हटलं, हॉल आपलाच.

चित्रं संपली. बाई उठून बघायला आल्या. पहिल्या कागदावर त्यांना दाढीमिशा होत्या. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर मिशीला पीळसुद्धा होता.

"काका, ही थट्टा तुम्ही शिकवलीत?"

"काकू, खरंच आहे ती," चिंगी म्हणाली आणि त्यांना हात धरून कोपऱ्यातल्या बेसिनवरच्या आरशापुढे घेऊन गेली.

बाईंनी आरशात बराच वेळ पाहिलं. हनुवटीवर अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटला होता. त्यांनी मागे वळून मुलांची चिमुकली बोटं पाहिली, मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात खिशात घातले. माझा सदराही पांढराच होता, हे तेव्हा लक्षात आलं.

बाई पुन्हा चिंगीच्या चित्राकडे वळल्या. मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

"दाढीत दुसरी हनुवटी दिसत नाही," त्या म्हणाल्या. "हे मी घरी नेते."

वर्ग चालू राहिला. अट एकच, आणि ती मुलांसाठी नाही. दर रविवारी निघताना मुलं माझे हात उलटसुलट तपासतात, मगच मला दाराची कडी उघडू देतात. या खेपेला चिंगीने मला परत बेसिनकडे धाडलं. नखं राहिली होती म्हणे.