पुढच्या चाकांचा असहकार

भावोजींचं स्वतःबद्दल काय मत आहे, हे त्यांनी कार्डावर छापूनच घेतलं होतं. वर ठळक अक्षरांत 'गुप्त अन्वेषक', खाली 'सूक्ष्म निरीक्षण, अचूक निष्कर्ष' आणि तळाला घराचा पत्ता. गुप्त माणसाला पत्ता कशाला, असं डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं. त्यावर, गुप्त मी आहे, घर नव्हे, असं उत्तर मिळालं. तीस वर्षं वजनमापं तपासलेल्या आपल्या नजरेतून केसाएवढा फरक सुटत नाही, असं भावोजी कुणालाही सांगत. सांगताना त्यांच्या एका पायात काळी चप्पल असे आणि दुसऱ्यात तपकिरी.

डॉक्टर हे त्यांचे मेव्हणे. पेशा जनावरांच्या डॉक्टरचा; भावोजींच्या सहायकाचं काम त्यांनी कधी मागितलं नव्हतं, ते बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, लग्नात अंगावर आलं. या वेळी तर जीपही त्यांचीच होती. चिखलात रुतू नये म्हणून त्यांनी टायरवाल्याकडून मोठे टायर बसवून घेतले आणि जीपचा दम गेला. चढ दिसला की ती म्हातारीसारखी थांबून श्वास घ्यायची. टायर मोठे केले तर दोन्ही ॲक्सलच्या पोटातले गियरही बदला, असं टायरवाल्याने सांगितलं होतं. गॅरेजवाला तीन आठवडे मोकळा नव्हता. आणि सोमवारी सकाळी डॉक्टरांना डोंगरावरच्या वस्तीत पोचायचं होतं. खालच्या कळपात साथ येऊन अकरा मेंढ्या गेल्या होत्या, वरच्या दोनशे अजून धडधाकट होत्या. त्यांची लस ताईच्या फ्रिजमध्ये, भाजीला हुसकावून बसली होती.

"गियर बदलणं म्हणजे तपासच," भावोजी म्हणाले. "आत काय दडलंय ते उघडून बघायचं."

शनिवारी अंगणात जीप ठोकळ्यांवर चढली. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो तो उघडला. आत दोघांचा संसार: क्राउन नावाची मोठी दातेरी चकती आणि तिला फिरवणारं छोटं पिनियन. जुनी जोडी काढून नवी बसवायला सकाळ गेली. दात दातांत नेमके बसावेत म्हणून मध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या घालाव्या लागतात. एक घाला, मोजा, काढा, दुसरी घाला. सहा वेळा गोळा उघडला, सहा वेळा बंद झाला. पण मोजमाप म्हटलं की भावोजी खरंच वाघ. सातव्या वेळी जोडी अशी जमली, की डॉक्टरांनाही मनातल्या मनात दाद द्यावी लागली.

दुपारी पुढचा गोळा. भावोजींनी त्यातली जुनी जोडी काढली आणि पुरावा म्हणून जपायची ठरवली. रॉकेलमध्ये बुडवून दात घासायच्या ब्रशने घासली, तलम फडक्याने पुसली. ब्रश कुणाचा होता ते ताईला दुसऱ्या दिवशी कळलं. जोडी इतकी लखलखली, की भावोजींना तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं. ते थोडा वेळ बघत राहिले. मग चहा झाला. चहानंतर त्यांनी टेबलावरची लखलखीत जोडी उचलली आणि बसवली. पहिल्याच फटक्यात बसली. एकही चकती बदलावी लागली नाही.

"याला म्हणतात हात बसणं," भावोजी म्हणाले.

डॉक्टरांना जरा नवल वाटलं. पण नवल वाटून घ्यायला त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी जीप रस्त्यावर, नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर, गुळगुळीत पळाली. मग घरामागच्या मोकळ्या मातीत डॉक्टरांनी चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा ओढला आणि जीप भूत लागल्यासारखी करू लागली. मागची चाकं ढकलायची, पुढची आडून बसायची. कण्हणं, उडी, थरथर, पुन्हा कण्हणं. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. असल्या गाडीत लस घेऊन तो चढ चढायचा म्हणजे मेंढ्यांआधी आपलाच नंबर, हे त्यांना कळून चुकलं.

"घातपात," भावोजी समाधानाने म्हणाले.

पहिला संशयित टायरवाला. त्याने पुढचे टायर लहान दिले असणार. भावोजींनी चारही टायरांना फीत गुंडाळली. चारही सारखे निघाले, मिलिमीटरचा फरक नाही. एवढा सारखेपणा स्वाभाविक नाही, असं ते पुटपुटले, पण टायरवाला सुटला. दुसरं संशयित तेल. भावोजींनी ते बोटावर घेऊन हुंगलं, उजेडात धरलं आणि भेसळ असल्याचं जाहीर केलं. भेसळ कसली, ते त्यांना सांगता येईना. तिसरा तर्क असा, की परदेशातला कुणी गियर बनवणारा मुद्दाम पुढची-मागची भांडणं लावतो. त्याचा हेतू विचारल्यावर भावोजी म्हणाले, हेतू शेवटच्या प्रकरणात येतो.

अकरा वाजता त्यांनी वही मिटली आणि डॉक्टरांकडे रोखून पाहिलं.

"डॉक्टर, वाईट वाटून घेऊ नका. तो चढ उभा आहे, मेंढ्या लाथा मारतात. जीप बिघडण्यात कुणाचा फायदा आहे?"

"माझा?"

"मी नाव घेतलं नाही."

डॉक्टर पायरीवर मटकन बसले. आता वस्तीवर फोन करून काय सांगायचं, याची वाक्यं ते जुळवायला लागले. एकही धड जुळेना.

तेवढ्यात मागच्या दारातून ताई आली. चार दिवस तिची एकच कुरकुर होती, की हे दार वाऱ्याने आपटतं, कुणीतरी बघा. कालपासून ती बोलली नव्हती, हे दोन्ही तपासनीसांच्या लक्षात आलं नव्हतं. तिने पायाने एक जड खोकं अंगणात सरकवलं. मागे दार धाडकन आपटलं.

"तुमचं भांडण संपलं असेल तर विचारते," ती म्हणाली. "हे गाडीत घालायचं होतं का? काल दुपारपासून दाराला लावलंय. छान जड आहे."

खोक्यावर भावोजींच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'पुढची नवी जोडी. हात लावू नये.'

"हात नाही लावला," ताई म्हणाली. "पायानेच ढकललं."

डॉक्टर उठले, खोकं उघडलं आणि नव्या पिनियनचे दात मोजले. नऊ. मग जीपखाली सरपटत जाऊन त्यांनी पुढचा गोळा उघडला आणि आतल्या लखलखीत पिनियनचे मोजले. अकरा. मेंढरू विकायला आलं की आधी त्याचं तोंड उघडून दात बघायचे, वय तिथे कळतं. वीस वर्षं रोज हेच केलं आणि घरच्या जीपचा जबडा उघडा असताना आपण चहा पीत बसलो. जुनी जोडी काढली, घासली आणि जिथून काढली तिथेच परत बसवली. मागे नवी, पुढे जुनी. दोन्हीकडच्या चाकांचा वेग जमणार कसा?

भावोजी बराच वेळ चिठ्ठीकडे बघत होते. "अक्षर हुबेहूब माझ्यासारखं काढलंय," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी स्वतःच कोट काढून खुंटीला लावला आणि जीपखाली शिरले. या वेळी पाच वेळा गोळा उघडावा लागला. एकदाही ते हात बसल्याचं बोलले नाहीत. उन्हं कलताना मातीत जीप चारही चाकांवर अशी गेली, की ताईला अंगणातून आवाजही आला नाही.

सोमवारी साडेदहाला वरून फोन आला. जीपने चढ न थांबता काढला होता, एकशे बेचाळीस मेंढ्या टोचून झाल्या होत्या, एकीने लाथ मारली होती. भावोजींनी 'प्रकरण उलगडले' असं वहीत लिहिलं आणि उलगडले कुणी, यासाठी ओळभर जागा सोडली. मग बराच विचार करून जुनी जोडी उचलली, मागच्या दाराला लावली आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'दाराची जोडी. गाडीत घालू नये.'

ताईने चिठ्ठी वाचली, मग खाली त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"चपलांनाही एक लावा," ती म्हणाली.