या मशीनला अर्थ नाही

छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनवर वायरमन चिठ्ठी चिकटवून गेला: ‘या मशीनला अर्थ नाही. हात लावू नये.’ मेन स्विच पाडला असता तर छपाई थांबली असती, आणि ते मालकांना चाललं नसतं. म्हणून चिठ्ठीवर भागवून तो तार आणायला बाजारात गेला.

दुर्दैवाने ती चिठ्ठी सगळ्यांत आधी मुद्रितशोधकांनी पाहिली. त्यांना सगळे मास्तर म्हणत. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्यांचे डोळे गेले होते. अर्थ शब्दाला असतो, फार तर वाक्याला; मशीनला कुठला? बिचाऱ्याला ‘उपयोग’ म्हणायचं असणार. कुणाला चारचौघांत टोकणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी गुपचूप नवी चिठ्ठी लावली: ‘हे यंत्र निरुपयोगी आहे.’ निरुपयोगी यंत्राला कोण हात लावणार, म्हणून दुसरं वाक्य पाल्हाळ समजून गाळलं.

तासाभराने मालकांनी ती वाचली. जागा अडवून बसलेलं ते धूड हलवायला त्यांना निमित्तच हवं होतं. त्यांनी बाइंडरमामांना ते मागच्या आवारात ढकलायला सांगितलं. मामांनी बाह्या सारल्या, चपला काढल्या आणि मशीनला दोन्ही हातांनी धरलं. मग मशीनने त्यांना धरलं.

तेवढ्यात वायरमन आला म्हणून मेन स्विच पडला, आणि मामाही पडले.

त्यांना दवाखान्यात हलवल्यावर वायरमनने सगळ्यांना समजावलं, की अर्थ म्हणजे जमिनीत जाणारी तार; ती तुटली, तर मशीनच्या अंगात उतरलेला करंट माणसातून वाट काढतो. मास्तरांनी नवा शब्द मनात टिपून घेतला, आणि मग त्यांना स्वतःची चिठ्ठी आठवली.

मामा जगले. उजव्या हाताची दोन बोटं मात्र काढावी लागली. चिठ्ठी कुणी बदलली ते मालक शोधत होते. मास्तर चार दिवस कबुलीजबाब लिहीत होते. दरवेळी मसुद्यात काहीतरी चूक निघायची. पाचव्या दिवशी ते तसेच दवाखान्यात गेले.

“मामा, ती चिठ्ठी...”

“माहीत आहे. आपल्याकडे एवढं शुद्ध दुसरं कोण लिहितं?”

“मग मालकांना सांगितलं का नाही?”

“तुम्हाला काढून माझी बोटं उगवणार आहेत का?” मामा पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिले. “अशुद्ध राहू दिलं असतंत मास्तर, तर हात वाचला असता.”

मास्तरांनी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.