पाण्याचा आदर्श पाठ

शिकवणं क्षणभंगुर आहे, पाठाचं टाचण चिरंतन आहे. बाईंच्या तोंडचा शब्द वर्गाच्या पत्र्याखाली विरून जातो. टाचणवहीतला शब्द मात्र केंद्रप्रमुखांच्या सहीनिशी कपाटात राहतो आणि वाळवी लागेपर्यंत ज्ञानदान करतो.

मनोरमाबाईंना हे फार उशिरा कळलं. डहाणूहून सकाळची एसटी, फाट्यावरून रिक्षा, मग पायवाट, असं करत त्या तलासरीकडच्या एका पाड्यावर बावीस वर्षं नुसत्याच शिकवत होत्या. बाईंना कीर्तनाचं वेड. बुवा आधी समोरची माणसं न्याहाळतात, कोण पेंगतंय ते बघून चाल बदलतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. वर्गातही त्या तेच करायच्या. (बुवांना कुठल्याच प्रशिक्षणाला तज्ज्ञ म्हणून का बोलावत नाहीत, ते यावरून ध्यानात येईल.)

यंदा प्रभावी अध्यापनाचा नवा नमुना आला. त्याला सात रकाने. त्यातला सहावा म्हणजे नमुन्याचा कळसच: ‘विद्यार्थ्यांचा अपेक्षित प्रतिसाद’. पूर्वी मूल काय बोलणार हे मूल बोलल्यावर कळायचं. शिक्षणातली ही अनागोंदी कायमची मिटली. आता मुलाचं उत्तर आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं, मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन ते फक्त द्यायचं. चाळीस मिनिटांच्या पाठाला टाचण पंचावन्न मिनिटांचं, फोटो चढवायला टेकडीवर रेंजपर्यंत जाऊन-येऊन वीस मिनिटं. उरलेल्या वेळात शिकवायला कोणाचीही हरकत नव्हती.

तिसरी-चौथीच्या अठरा मुलांचा पाठ होता पाण्याचा. नमुन्यात छापलेलंच होतं. शिक्षककृती: ‘पाणी कुठून येते?’ अपेक्षित प्रतिसाद: ‘नळातून!’ (उद्गारचिन्ह नमुन्यातलंच. उत्साह हीसुद्धा अध्ययन निष्पत्ती आहे.)

पाड्यावर नळ नव्हते असं कोणी म्हणू नये. दारोदार एकेक होता, तोटीसकट. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. म्हणून आठवड्यातून दोनदा टँकर येई. टँकर आला की वर्ग भरलेला. नाही आला की मुली आयांबरोबर हंडे घेऊन ओहळावर, आणि वर्ग अर्धा. चौथीतल्या शुक्रीची शाळा तर धोरणावर नव्हे, त्या टँकरवरच चालली होती.

बाईंनी प्रश्न विचारला. शुक्री उभी राहिली.

“टँकरातून. टँकर नाय आला तं आई ओहळातून आनते. रेतीत खड्डा करून बसावं लागतं बाई. वाटी वाटी भरते.”

“आणि नळ?”

“नळाला बकरी बांधतात ना!”

वर्ग खदखदून हसला. हसण्याला रकाना नव्हता.

मागच्या बाकावर केंद्रप्रमुख मोहनसर बसले होते. माणूस सज्जन. तास संपल्यावर त्यांनी बाईंना हळूच बाजूला घेतलं.

“बाई, उत्तर छान होतं हो. पण अपेक्षित नव्हतं.”

“पण सर, खरं आहे ते.”

“खरं-खोटं मूल्यशिक्षणाच्या तासाला घ्या ना. हा परिसर अभ्यास आहे.”

शुक्रीच्या नावापुढे ‘अप्रगत’ असा शेरा पडला आणि सगळ्या वर्गाला पंधरा दिवसांचं उपचारात्मक अध्यापन लागलं. बाईंनी ते मन लावून केलं. (नको ते काम मन लावून करणं, ही चांगल्या माणसांची जुनी खोड आहे.) उत्तर नुसतं घोकवणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी त्याला चाल लावली. बाईंनी “पाणी कुठून?” म्हणायचं, मुलांनी टाळीवर “नळातून!” म्हणायचं. तिसऱ्या दिवशी बालवाडी म्हणू लागली. आठव्या दिवशी बकऱ्या राखणारे म्हणू लागले.

पुढच्या भेटीत अठरापैकी अठरा! शुक्रीचे नुसते ओठ हलले, तेही धरले. मोहनसरांचे डोळे पाणावले. पाठाची चित्रफीत टेकडीवरून वर गेली, आणि वर गेलेली गोष्ट आणखी वर जाते. कुठल्याशा कार्यालयाला पाड्यावर नळाचं पाणी पोचल्याचा पुरावा हवाच होता. निरागस मुलांपेक्षा मोठा पुरावा कोणता?

“बाई, अभिनंदन!” मोहनसरांचा फोन आला. “तुमच्या एका पाठाची दोन खात्यांनी दखल घेतली!”

त्या आठवड्यापासून टँकर बंद झाला.

शुक्रीची आई बुधी रिकामा हंडा घेऊन थेट वर्गाच्या दारात आली. “टँकरवाला म्हनतो, तुमच्या नळाला पानी आलं, शाळेत पोरंच गातात. तुमीच शिकवलं ना बाई?”

बुधीने हंडा उंबऱ्यावर आपटला.

“खोटं बोलाया शिकवाया शाळा कशाला लागते वो? ते तं बाजारात फुकट शिकली असती माझी पोर. ती गेली ओहळावर. आता नाय येनार ती.”

बाईंना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यांनी मोहनसरांकडे बावीस वर्षांत प्रथमच हट्ट धरला. “पाठ चुकला सर. मला तो परत घ्यायचाय. मुलं खरं सांगतील, तुम्ही तेच वर पाठवा.” मोहनसर आले, मोबाईल सरसावून बसले. वर्गात मुलगे सगळे होते, मुली दोन.

बाई समोर उभ्या राहिल्या. सगळे रकाने बाजूला ठेवून, हात जोडावेत तशा आवाजात त्यांनी विचारलं, “बाळांनो, अगदी खरं सांगा हं. पाणी कुठून येतं?”

“नळातून!” टाळी पडली.

“अरे, आठवून सांगा. घरी कुठून येतं?”

“नळातून!” दोन टाळ्या.

दृढीकरण म्हणतात ते हेच. मोहनसरांनी जागेवरच ‘अतिउत्कृष्ट’ असा शेरा दिला. बाईंचा पाठ सध्या इतर शाळांना आदर्श म्हणून दाखवतात, आणि त्यात काडीची अतिशयोक्ती नाही. इतकं पक्कं शिकवणं आम्हीही दुसरं पाहिलेलं नाही.

पाड्यावरच्या मुलांची कीव करण्याआधी घरातल्या चौथीच्या मुलाला हाच प्रश्न विचारून पाहावा. तो मान वर न करता ‘नळातून’ म्हणेल आणि तुम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवाल. नळाच्या आधी ते कुठे होतं, हे त्याला विचारू नका. त्याला येणार नाही, आणि मग तो तुम्हाला विचारेल. ते उत्तर येणारी एकच मुलगी आमच्या माहितीत आहे. ती अप्रगत आहे, आणि सध्या शाळेत येत नाही.