खेचर कुठं हाय?

आमच्या वारज्यातल्या सोसायटीत कुणाकडे पाहुणे आले, की तळमजल्यावरचे तावरे नाना चपला घालून तयारीनिशीच दार वाजवतात. "पाव्हणं आल्यात म्हणं. किती वाजता न्यायचे?" रिकामा सिलिंडर मागावा तसे ते पाहुणे मागतात. मग पाहुण्यांना पुण्यातली दोनच ठिकाणं दाखवली जातात: एक युद्धाचं संग्रहालय आणि दुसरं प्राण्यांचं. कुणी शनिवारवाड्याचं नाव काढलं, तर नाना म्हणतात, "तिथं काय हाय? भिंत हाय."

नाना मूळचे वारज्याचेच. ज्या शेतात त्यांनी लहानपणी भुईमूग उपटला, तिथे आता आमचं पार्किंग आहे. सैन्यात असताना ते डोंगरातल्या चौक्यांवर खेचरांवरून रेशन पोचवायचे. दहा वर्षांत त्यांनी मला एवढीच माहिती दिली. बाकी आमचं बोलणं पाण्याच्या टाकीबद्दल असतं.

परवा माझी भाची रसिका अमरावतीहून आली. खराडीत आयटीत नोकरी लागली म्हणून रूम शोधायला. रविवारी नानांनी तिला ताब्यात घेतलं. मीही गेलो, कारण पाट्या न वाचता वस्तूंना हात लावणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे आणि नाना त्यांच्यातले.

युद्धसंग्रहालयात रणगाडा होता, तोफा होत्या. नाना त्यांच्याकडे न बघता थेट खुर्चीवरच्या कर्मचाऱ्यापाशी गेले. "खेचर कुठं हाय?"

"काका, मागच्या वेळीही सांगितलं. ते प्राण्यांच्या म्युझियममध्ये विचारा."

"ते न्हाई. ती."

अभिप्रायाच्या वहीत नानांनी लिहिलं, 'खेचर नाही.' मी मागची पानं चाळली. त्याच अक्षरात तेच वाक्य बरेचदा होतं. मधूनमधून इतर कुणी 'छान', 'प्रेरणादायी' वगैरे लिहून गेलं होतं.

प्राण्यांच्या संग्रहालयात नानांनी पेंढा भरलेल्या गव्याच्या पाठीवर हात ठेवला. मी लगेच 'हात लावू नये' ही पाटी मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी हात काढला. तिथल्या बाई सभ्य होत्या. "आजोबा, खेचर निसर्गात नसतं हो. घोडी आणि गाढव यांना माणूस एकत्र आणतो, तेव्हा ते होतं. आमच्याकडे फक्त जंगली प्राणी."

"म्हंजे तिकडं ती नुसती जनावर, आन् हिकडं धड जनावर बी न्हाई," नाना म्हणाले. इथल्याही वहीत 'खेचर नाही' लिहून ते बाहेरच्या बाकावर बसले.

रसिकाने विचारलं, "आजोबा, पण तिचं नाव काय होतं?"

दहा वर्षांत आमच्यापैकी कुणी हे विचारलं नव्हतं.

"नाव नसतंय. खुरावर नंबर असतोय." नाना चपलेने माती सारत राहिले. "येकदा बर्फाच्या वाटंवर थांबली. हलंना. वर जवान उपाशी. मी चार काठ्या हाणल्या. चौथीला फुडची वाट खाली गेली, समदी. ती तशीच हुबी. माजा जीव वाचवला, आन् वर मार बी खाल्ला."

"मग?"

"मग मी रजेवर आलो. माघारी गेलो तर तिची बदली झाल्याली. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच." पायाखालची माती सपाट करत ते म्हणाले, "येकट्यानं इचारलं की हसत्यात. पाव्हणं संगं असलं की उत्तर तरी देत्यात. आन् तीच पायजे असं न्हाई. कुठलीबी ठेवा कोपऱ्यात. येकदा पाठीवरनं हात फिरवायचाय."

मला मघाशी मोठ्याने वाचलेली पाटी आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

"नाना," मी म्हणालो, "ठेवतील त्या दिवशी मला बोलवा. मी पाटीसमोर उभा राहीन."

नानांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चालंल," ते म्हणाले. "तुमी रुंद हाय. झाकंल."