गळ्यातली गोजरबाई

रंगनाथच्या घरात माणसं दोन आणि जेवायला पानं तीन. तिसरं पान गोजरबाईचं. गोजरबाई ही त्याची पहिली बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तव्यावरची पहिली भाकरी अजून तिच्याच पानात पडायची. ती निवून चामट झाली, की मग छबूबाईच्या वाट्याला यायची.

छबूबाई दुसरेपणावर आलेली. लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राबरोबर तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाक बांधला होता. नखाएवढा पत्रा आणि त्यावर उमटवलेली एक बाई. मेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून दुसरीनं तिला असं गळ्यात वागवायचं, ही रीत. छबूबाईचा बाप सत्यशोधकांच्या जलशात ढोलकी वाजवायचा. भुतंखेतं आणि पितर यांच्यावर हसतच ती लहानाची मोठी झाली होती. पण नवऱ्याच्या घरी हसायची सोय नव्हती. दूध उतू गेलं, की रंगनाथ म्हणे, "गोजर रुसली." म्हशीनं लाथ झाडली, की गोजर. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातून खटपटी करून आणलेलं लुगडंसुद्धा आधी टाकावर घालायचं आणि मग छबूबाईनं नेसायचं.

"अवो, तिला कसलं लुगडं? ती नखायेवढी," छबूबाई एकदा म्हणाली.

"हळू बोल," रंगनाथ तिच्या गळ्याकडे बघत म्हणाला. "ऐकती ती."

बाहेर पडताना तो रोज बायकोसमोर उभा राहून हात जोडी. "येतो गं. ध्यान ठेव," असं म्हणे आणि निघून जाई. छबूबाईनं पहिले काही दिवस "व्हय" म्हणून पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं, की बोलणं आपल्याशी नाही.

आणि एके दिवशी विहिरीवर पोहरा ओढताना दोरा तुटला. टाक काठावर टणकन आपटला आणि गोजरबाई पाण्यात गेली. विहीर खोल, तळाशी गाळ. छबूबाई वाकून बघत राहिली. पहिल्यांदा तिला मान हलकी वाटली. नंतर नवरा आठवला.

संध्याकाळच्या आत काहीतरी करणं भाग होतं. मिठाच्या मडक्यामागे एक भोकाचा पैसा पडला होता, लढाईच्या दिवसांत सरकारनं काढलेला, तांब्याचा. तो तिनं खणाच्या लाल तुकड्यात शिवला, काळ्या दोऱ्यात ओवला आणि गळ्यात घातला.

"ह्ये काय?" रंगनाथनं आल्या आल्या विचारलं.

"घामानं चांदी काळी पडती. म्हनून तिला आंगडं शिवलं."

रंगनाथचे डोळे भरून आले. छबूबाईनं गोजरसाठी आपणहून काही केल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानं पैशाला हात जोडले.

पुढे जे झालं त्याला छबूबाईचा इलाज नव्हता. म्हैस व्याली आणि पारडी झाली. कांद्याला भाव आला. रंगनाथला जेवणानंतर हटकून उठणारी पोटातली कळ थांबली. तो लाल आंगड्यापुढे अधिकच वाकू लागला.

"जित्तेपनी येवढी पावली न्हवती," तो म्हणाला. "आंगडं सोड, मला बघू दे तरी."

छबूबाई गडबडली आणि जे तोंडात आलं ते बोलून गेली. "नगं! ती सपनात आल्ती माझ्या. म्हनली, मला उघडू नगं, वारं लागतं."

"तुझ्या सपनात?" रंगनाथ खालीच बसला. "माझ्या कदी येत न्हाई ती. आन् काय म्हनली?"

आता मागे फिरायचं तरी कसं? "म्हनली, माझं पान मांडू नगा. छबूनं ऊन ऊन खाल्लं, की माझं पोट भरतं."

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन पानं झाली. छबूबाईनं लग्नानंतर पहिल्यांदा तव्यावरून उतरलेली भाकरी खाल्ली आणि ती तिला गोड लागली. त्यामुळे गोजरबाई तिच्या स्वप्नात वरचेवर येऊ लागली. छबूला चप्पल घेऊन द्या, म्हणाली. छबूला माहेरी धाडा, म्हणाली. रंगनाथ सगळं ऐके. फक्त एकदा त्यानं पडेल आवाजात विचारलं, "माझं काय इचारती का?"

"इचारती की," छबूबाई म्हणाली. त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही.

पितृपंधरवडा आला. अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांच्या दिवशी, रंगनाथनं मोठा बेत केला. शेजारची बायडाबाई सवाष्ण म्हणून सांगितली आणि सुप्याला बैलगाडी पाठवून गोजरची आई, लंकाबाई, हिला आणवलं. लेक एवढी पावते हे आईला कळायला नको? लंकाबाईला दिसत जवळजवळ नव्हतंच. बायडाबाईनं हात धरून तिला पाटावर बसवलं.

"टाकाला दुधानं न्हानू घालू," रंगनाथ म्हणाला.

"नगं," छबूबाई म्हणाली. "वारं लागतं तिला."

"पोरी," लंकाबाईनं चाचपत हात पुढे केला, "लेक जाताना मला बघाया न्हाई घावली. निरोप आला तवर लाकडं रचली हुती. येकदा हातात तरी घेऊ दे."

याला नाही म्हणायची छबूबाईची ताकद नव्हती. तिनं दोरा काढून म्हातारीच्या हातावर ठेवला. लंकाबाईनं दातानं शिवण तोडली, खण उलगडला आणि आत बोट फिरवलं. बोट आरपार गेलं.

"जावईबापू," म्हातारी घाबरून म्हणाली, "माझ्या लेकीच्या पोटाला भोक कुनी पाडलं?"

बायडाबाईच्या तोंडातून खस्सकन हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं, पण फुटायचं ते फुटलंच. रंगनाथनं पैसा उचलून उजेडात धरला. वर राजाचा मुकुट होता.

"हिरीत पडली वो," छबूबाई म्हणाली. "दोरा तुटला. भ्याले मी."

"कदी?"

"म्हस व्यायच्या आदी."

"म्हंजे पारडी झाली तवा…"

"ह्योच हुता."

"माझं पोट दुखायचं ऱ्हायलं तवा?"

"तवाबी ह्योच."

"आन् सपान?"

छबूबाईनं मान खाली घातली. आता हा झिंज्या धरणार, नाहीतर माहेरी हाकलणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. रंगनाथनं तसलं काही केलं नाही. तो पैशाकडे बघत बसला. मग त्यानं तो बंडीच्या खिशात टाकला, खिरीची वाटी ओढली आणि चाटूनपुसून संपवली.

गाडीत बसताना लंकाबाईनं छबूबाईचा हात धरला. "तुझ्यावर राग न्हाई गं पोरी. पर तिचं नाव निघाया तेवढी येकच जागा हुती."

दुसऱ्या दिवसापासून रंगनाथ पार बदलला. बाहेर जाताना हात जोडेना. दूध उतू गेलं तर "जाळ कमी कर" म्हणू लागला. पेटीत जपून ठेवलेलं गोजरचं लुगडं काढून त्यानं टराटरा फाडलं, अर्ध्याची पारडीला दावी वळली आणि अर्धं म्हशीची कास पुसायला ठेवलं. वर शीळ घालत होता. छबूबाईच्या बापाला जे जन्मभर ढोलकी बडवून कुणाकडून करवता आलं नव्हतं, ते एका पैशात झालं होतं. छबूबाईला आनंद व्हायला हवा होता. तो काही होईना.

"अवो," तिनं दाव्याकडे बघत विचारलं, "कशी दिसायची वो ती?"

"कोन?"

"गोजरबाई."

रंगनाथनं शीळ थांबवली. "हुती की. बायकावानी."

"उंच हुती का?"

"तुझ्यायेवढी…" तो अडला. "का बुटकी हुती? आता ध्यानात न्हाई."

"आन् गेली कशानं?"

"तापानं. का पोटानंच दुखलं हुतं… पाऊस लई हुता त्या वक्ताला." आणि त्यानं दाव्याच्या पुढच्या पदराला पीळ घातला.

छबूबाई आत गेली आणि चुलीपुढे बसून रडली. मेलेल्या सवतीसाठी आपण रडतो आहोत याची तिला लाज वाटत होती. शिवाय नेमकं कुणासाठी रडतो आहोत याचीही तिला खात्री नव्हती.

बाजाराच्या दिवशी ती पारनेरला गेली. बापानं दिलेली दंडातली चांदीची वाकी तिनं सोनारापुढे ठेवली. सोनारानं फारसं विचारलं नाही. असले टाक त्यानं पुष्कळ केले होते आणि सगळ्या टाकांवरची बाई एकाच ठशातली होती.

दुपारी रंगनाथ शेतातून आला तो घरात शिरताच थबकला. अंधाऱ्या स्वयंपाकघरात छबूबाईच्या गळ्यात नवा काळा दोरा आणि त्यात कोरी चांदी होती. रिकामा दंडही त्याला दिसला.

"आता ह्ये कशाला? तुझा तर इस्वास न्हाई."

"न्हाईच."

"माजाबी ऱ्हायला न्हाई. मंग?"

"तुमची सवय मोडाया नगं," छबूबाई पीठ मळता मळता म्हणाली. "उद्या मी गेले म्हंजे तिसरी येईल. लुगडं फाडून दावी वळशीला. ती इचारंल, छबू कशी दिसायची? तुमी म्हनशीला, बायकावानी."

रंगनाथ तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं टाकाकडे पाहिलं नाही. तो तिच्या कपाळाकडे, नाकाकडे, कानाच्या पाळीकडे पाहत राहिला. लग्नाला इतके दिवस झाले, पण याआधी त्यानं नजर गळ्याच्या वर अशी कधी नेली नव्हती.

छबूबाईचा हात पिठात थांबला. "असं काय बघताय?"

"ध्यानात ठिवतोय."

छबूबाईनं पिठाच्या हातानंच पदर सारखा केला आणि उठली.

"मंग दारात तरी चला," ती म्हणाली. "हितं उजेड न्हाई."